गाभण गाईसाठी वेलदोडा

मित्रांनो, परसात कोंबड्या ज्यातून पाणी पितात तो काळा दगड म्हणजे मी, केशोराव वैद्यांचा जुना खल. पाथरवटाने मला घडवले, सौंदडच्या बाजारात वैद्यांनी टिचक्या मारून पारखले आणि बैलगाडीत घालून नवेगावला आणले. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोंधळ आहे, तो काही सुटत नाही.

गोंधळ असा. माझ्यात काय कुटले जाते ते मला कळे, पण ते कोणाच्या पोटात जाणार हे कधी नीट कळत नसे. माणसांचे दुखते एक आणि सांगतात दुसरेच. खोकला असला तर शेजाऱ्याचा, खरूज असली तर मेव्हण्याची! वैद्यही खोदून विचारत नसत. लोकांची अब्रू झाकावी, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या हाताला गुण आहे म्हणून सगळे वाखाणत, आणि त्यातला थोडा गुण आपला, असे मला उगाच वाटे.

एका सकाळी तलावाच्या पाळीपलीकडचा जागेश्वर आला. "माह्या बायकोले उलट्या होऊन राहिल्या जी," तो काळजीने म्हणाला. "पोट साफ होईल असं कायी द्या." वैद्यांनी सोनामुखी कुटून कडक जुलाबाची पुडी बांधली. तो लगबगीने घरी गेला.

मला धुऊन पुसून ठेवतात न ठेवतात तोच त्याची आई, सुमित्राबाई, दुसऱ्या वाटेने आली. "गाय गाभण आहे, महाराज. शतावरी द्या. खडीसाखर घाला. अन् वेलदोडा बी घाला थोडासा."

मी चक्रावलो. गाईला वेलदोडा?

वैद्य कुटता कुटता हसले. "गाय लय लाडाची दिसते, बाई."

"पहिलीच खेप आहे जी तिची. सकाळी भात शिजला का वासानंच ओकते."

बत्ता हवेतच थांबला. "कोण ओकते? गाय?"

बाई पदराशी चाळा करू लागली. मग हळूच बोलली, "सून. पण तीन महिने झाल्याबिगर तोंडातून काढू नाही ना जी. नजर लागते. म्या पोराले बी नाही सांगतलं."

"अवं बाई, जागेश्वर आत्ताच जुलाब घेऊन गेला!"

सुमित्राबाई पदर खोचून धावली. वैद्य धोतर सावरत तिच्यामागे. मी अर्धवट कुटलेली शतावरी घेऊन तसाच बसलो. औषध नेणारा नवरा मायाळू, लपवणारी सासू मायाळू, पुडी बांधणारे वैद्य भले. मग रागवायचे कोणावर, तेच मला कळेना.

दुपारी वैद्य परतले आणि ओसरीवर मटकन बसले. "सारी पुडी घेतली होती पोरीनं," ते बायकोला म्हणाले. "नवऱ्यानं कौतुकानं पाजली. ती नाही कशी म्हणणार?"

त्या सुनेच्या, चंद्रकांताच्या, पोटातले मूल राहिले नाही. जुलाबाने गेले की तसेही जायचेच होते, हे वैद्यांनाही छातीठोकपणे सांगता आले नाही. मला तर आजही कळत नाही. वाईट मात्र फार वाटले, मित्रांनो.

पुढे वैद्य गेले, गोंदियाहून बाटल्यांतली औषधे येऊ लागली आणि मी परसात आलो. असू दे, कोंबड्या गुणी आहेत. मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणत नाही. फक्त औषध मागाल तेव्हा ज्याचे दुखते त्याचे नाव घ्या, आणि देणाऱ्याने एकदा तरी विचारावे.

पण वैद्य होते तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत सुमित्राबाई पुन्हा आली. ओसरीवर गावची माणसे बसली होती. तरी बाई मोठ्याने म्हणाली, "शतावरी द्या, महाराज. माह्या सुनेले दिवस गेले. दुसराच महिना आहे. लागू द्या, कोणाची नजर लागते त!"

वैद्यांनी बत्त्याला हात लावला नाही. "आधी तिलेच पुढं येऊ द्या," ते म्हणाले. "तिलेच इचारतो."

दारात उभा असलेला जागेश्वर बाजूला सरला, आणि त्याच्यामागून चंद्रकांता पुढे आली.