फणीचे वेडेवाकडे दात

मिक्सर-ग्राइंडरसारखी यंत्रं चालताना रेडिओलहरी सोडतात. त्या मर्यादेत आहेत ना, हे आम्ही कोइंबतूरच्या आमच्या प्रयोगशाळेत तपासतो. पण रोज सकाळी पहिला मान फणीचा. फणी म्हणजे मुठीएवढी डबी. ती ठरलेल्या ताकदीच्या लहरी सोडते आणि पडद्यावर फणीसारखे दात उमटतात. दात कालच्यासारखे दिसले, तरच आमची उपकरणं खरं बोलताहेत असं समजायचं.

विजयादशमीला मात्र नाचिमुत्तूंनी हा नियम मोडायला लावला. हे ग्राइंडरचे जुने कारखानदार. यंदाचं सर्किट त्यांच्या मुलीनं, कयलविळीनं बनवलं होतं. नापास झालं तर पुन्हा बाहेरून सर्किट आणायचं, असं त्यांनी तिला बजावलं होतं.

"मॅडम, राहुकाळ लागेल हो! तुमची डबीबिबी राहू द्या, आधी आमचं घ्या."

सणासुदीला कुठे वाद घालायचा, म्हणून मी ऐकलं. बंद खोलीत ग्राइंडर फिरू लागला आणि पडद्यावर आलेखाचं एक टोक मर्यादेच्या रेषेच्या वर गेलं.

"बघ अम्मिणी, सांगत होतो ना मी?" नाचिमुत्तू लेकीला म्हणाले. लाडानं ते तिला अम्मिणीच म्हणत.

कयलचा चेहरा उतरला, पण ती हटली नाही. "माझं सर्किट एवढं बोंबलणारं नाही, अप्पा. मॅडम, तुमची फणी लावून बघा ना!"

राहुकाळ तर राहुकाळ. ग्राइंडर बाहेर काढून फणी ठेवली. एरवी शिस्तीत उभे राहणारे दात आज वेडेवाकडे, दुधाचे दात पडलेल्या पोराच्या तोंडासारखे! खोटं आमचंच उपकरण बोलत होतं.

आत जाऊन बघते तर काय, लहरी टिपणाऱ्या अँटेनाच्या मागच्या बाजूला चंदेरी चमकीची माळ गुंडाळलेली!

"कुणाचा हा उद्योग?" मी कडाडले. "अँटेनाला धातूची माळ? अक्कल गहाण टाकलीय का?"

नाचिमुत्तू चपलांकडे बघू लागले. "काल आयुधपूजेच्या प्रसादाचे चुरमुरे घ्यायला आलो होतो ना..."

"अप्पा, तुम्ही?" कयल बघतच राहिली. "सर्किट पास होणार नाही म्हणत होतात ना?"

"म्हणायला काय जातंय? बापाचा जीव आहे. पास व्हावं म्हणून पूजेतली माळ बांधली."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. माळ काढली, तशी फणी ताळ्यावर आली. मग ग्राइंडर पुन्हा आत गेला आणि सगळी टोकं रेषेखाली राहिली.

"पाहिलंत? माळेचा गुण!" नाचिमुत्तू म्हणाले.

"काढल्याचा गुण, अप्पा!" म्हणत कयलनं ती माळ त्यांच्याच गळ्यात घातली.

त्यांनी ती काढली नाही. जाताना फाटकावर थांबून आमच्या वॉचमनला ते सांगत होते, "सर्किट आमच्या अम्मिणीनं बनवलंय बरं का!"