धाग्याचा कौल

शिलाई कारखान्याच्या वरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध कौल देणारे एक बाबा बसलेले. समोर दोन वाट्या, हातात पिवळा धागा.

"रक्त बोलतं, आई! धागा फक्त ऐकतो."

कारखान्याच्या मालकीणबाईंनी आपल्या आजीचं घराणं सांगितलं. धागा वाटीत बुडून त्यांच्या मनगटावर आला, पिवळाच राहिला. "कूळ स्वच्छ! छातीची गाठ तुमच्या वाटेला जायची नाही." मालकीणबाईंनी डोळे मिटून सुस्कारा सोडला.

मग माझी ताई. तिच्या छातीत गाठ होती, दुसऱ्या दिवशी सुईची तपासणी ठरलेली.

"आजी कुठली?"

"नदीपलीकडची."

धागा लालभडक झाला. "रक्तातच शाप! सुई लावाल तर पसरेल."

घरी ताई एकच धोशा लावून बसली, "मी जाणार नाही." मी नुसती येरझाऱ्या घालत होते. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

सकाळीच त्या ताईला आणि मला घेऊन हॉलमध्ये आल्या आणि बाबांसमोर बसल्या. "माझीही आजी नदीपलीकडची."

धागा लाल!

"अहो, माझी आजी याच गल्लीत जन्मली, इथेच गेली. तुमच्या धाग्याला ऐकू कमी येतं वाटतं?"

हॉलमध्ये खसखस पिकली. बाबा उठायच्या आत बाईंनी कोरा पिवळा धागा डावीकडच्या वाटीत बुडवला. कोणाच्या अंगाला न लागताच तो लाल झाला. उजवीकडच्या वाटीत दुसरा बुडवला. तो पिवळाच.

"धाग्याला हळद, या वाटीत धुण्याचा सोडा, त्या वाटीत साधं पाणी. आजी ऐकायची आणि वाटी निवडायची, एवढीच विद्या."

"मग पलीकडच्याच बायका जास्त का मरतात?" ताईने चिडून विचारलं.

"खरा प्रश्न हाच," बाई म्हणाल्या. "काही घराण्यांत हा धोका आईकडून किंवा बापाकडून पुढे येतो. काही समाजांत जोरात वाढणारी गाठ कमी वयात जास्त दिसते. त्याला शाप म्हणत नाहीत. अशांनी उलट लवकर तपासायचं असतं. पण पलीकडे दवाखाना नाही, तपासणी नाही. बायका पोचतात तेव्हा उशीर झालेला असतो. आणि स्वच्छ कूळ असं काही नसतंच. गाठ कोणालाही होते."

ताई चपला घालू लागली. तेवढ्यात मालकीणबाई भिंतीला धरून उठल्या. चेहरा पांढराफटक.

"डॉक्टर, मलाही आहे. काखेजवळ. धागा पिवळा राहिला म्हणून गप्प बसणार होते."

दोघी एकाच रिक्षातून गेल्या.

ताईची गाठ कॅन्सरचीच निघाली, पण वेळेत सापडली. मालकीणबाईंची पुढे गेलेली होती. उपचार दोघींचेही चालू आहेत. मीही तपासून घेतलं.

बायांनो, छातीत किंवा काखेत गाठ हाताला लागली तर कूळ विचारत बसू नका. डॉक्टरकडे जा, आजच.