कुंपणापलीकडचं

दोनशे यार्डांवर हरणाचा एवढा भरदार नर आडवा उभा होता, आणि वेंडेल प्रुइटने रायफल खाली घेतली.

"वारा फार आहे," तो म्हणाला.

गिऱ्हाइकांना शिकारीला नेणाऱ्या आर्डिसने दुर्बीण गळ्यात सोडली. वारा होता, पण मॉन्टानाच्या या माळावर तो नसतो कधी? खेचरासारखे लांब कान हलवत हरीण घळीत उतरून गेलं. असली शिंगं बघायला माणसं देशाच्या दुसऱ्या टोकाहून येतात, आणि हा टेनेसीचा पाहुणा काल उजेड कमी म्हणाला, आज वारा.

"आर्डिस, ती पलीकडची जमीन कुणाची?" परत येताना त्याने पुन्हा विचारलं.

"थोर्स्टाडची. सांगितलं होतं तुम्हाला."

"आणि कुंपण नेमकं कुठून जातं?"

ती सावध झाली. गेल्याच हंगामात नदीकडच्या एका वाटाड्याचा परवाना दुसऱ्याच्या हद्दीत शिकार केल्यावरून गेला होता. शिकार खात्याचा माणूस गिऱ्हाईक बनून येऊन राहिला, त्याच्या टेबलावर जेवला, आणि जाताना बिल्ला दाखवून गेला. तोही म्हणे असाच मवाळ होता. असेच प्रश्न विचारायचा, आणि गोळी मात्र झाडायचा नाही.

पण आपण कशाला घाबरतोय, हे तिला कळेना. वीस वर्षांत तिने कुंपणापलीकडे एक गोळी जाऊ दिली नव्हती.

संध्याकाळी खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खाऊन प्रुइट त्याच्या खोलीत गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, "डेल्मर, हा माणूस शिकारी वाटत नाही मला. खात्याचा असेल."

"तुला सगळेच खात्याचे वाटतात!" डेल्मर हसला. "परवा पाद्रीबुवांवरही संशय घेत होतीस."

"कोठाराच्या दारावरच्या शिंगांचं हरीण कुणी मारलं, हेही विचारलं त्याने."

"मग? काय सांगितलंस?"

"तू मारलंस. आपल्याच जमिनीवर."

"हं," तो म्हणाला. रोल अर्धाच ठेवून तो उठला. गोडावर जीव टाकणारा माणूस.

सकाळी कोठाराच्या दारावर नुसते खिळे होते.

"साफ करायला दिली," पिकअपच्या काचेवरचं दव पुसत डेल्मर म्हणाला.

"कधी? काल जेवलो तेव्हा होती."

"तू तुझ्या गिऱ्हाइकाकडे बघ ना, आर्डिस!"

ती गाडीत बसली. प्रुइट शेजारी केशरी जाकिटाची बटणं लावत होता. त्याच्याकडे बघण्याऐवजी ती आरशात लहान होत जाणाऱ्या डेल्मरकडे बघत राहिली. गेल्या नोव्हेंबरात ती बहिणीकडे गेली होती. परत आली तर शिंगं दारावर ठोकलेली. कुठे मारलंस, असं तिने विचारलंच नव्हतं. नवऱ्याला असलं काय विचारायचं?

तोच नर त्यांना घळीच्या काठी झुडपांत बसलेला सापडला. दोघं पोटावर सरपटत जवळ गेले. प्रुइटने रायफल टेकवली. या वेळी आर्डिस हरणाकडे न बघता त्याच्याकडे बघत होती. हरीण उठलं, अंग झटकलं, सरळ समोर उभं राहिलं.

"उठला का?" प्रुइटने कुजबुजत विचारलं.

ती चमकली. "वेंडेल, तुम्हाला दिसत नाही का?"

त्याने चापावरचं बोट काढलं. "उजव्या डोळ्यात मधोमध धुकं आहे. वसंतापासून. बायकोला माहीत नाही अजून. वाटलं, एकदा मोकळ्या माळावर जमेल."

"आणि ते कुंपणाचं सारखं काय विचारत होता?"

"तारा दिसत नाहीत मला. चुकून दुसऱ्याच्या हद्दीत मारलं तर? तुमचं नाव खराब व्हायचं."

आर्डिसला हसू आलं नाही. "द्या ती रायफल. जखमी करून सोडायचं नाही जनावर."

त्याने निमूट दिली. तिने आपली दुर्बीण त्याच्या डाव्या डोळ्याला लावली, आणि हरीण टेकाडामागे जाईपर्यंत तो बघत राहिला.

घरी आल्याबरोबर डेल्मरने तिला बाजूला ओढलं. "काय गं? काही कळलं?"

"कळलं. कुठे मारलं होतंस ते दारावरचं हरीण?"

"अगं, तो काय म्हणाला ते सांग आधी!"

"तो काहीच म्हणाला नाही. मी विचारतेय."

डेल्मरने टोपी काढली, परत घातली. "थोर्स्टाडच्या गवतात," तो शेवटी पुटपुटला. "गाडीतूनच. म्हातारा दवाखान्यात होता, कोण बघणार होतं?"

"शिंगं?"

"विहिरीमागे, ताडपत्रीखाली." त्याने तिचा दंड धरला. "आर्डिस, तो खात्याचा आहे का, एवढं तर सांग!"

"नाही. बिचाऱ्याला दिसत नाही."

डेल्मरने एवढा मोठा श्वास सोडला की तिला त्याची किळस आली. तो चक्क हसायला लागला होता.

"ताडपत्री काढ," ती म्हणाली. "आधी थोर्स्टाडकडे जायचं. मग खात्याला फोन तू करायचास."

"वेडी झालीस? परवाना जाईल आपला!"

"जाईल."

ती पिकअपमध्ये जाऊन बसली. खिडकीतून प्रुइट दोघांकडे बघत होता. काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. डेल्मर अंगणात उभाच राहिला, आधी चिडून, मग नुसताच. बऱ्याच वेळाने तो विहिरीकडे चालू लागला. खरंच शिंगं आणायला गेलाय की आणखी लांब कुठे लपवायला, हे तिला सांगता आलं नसतं. ती दार उघडून त्याच्या मागोमाग गेली.