पान एकशे बारा

तेहतिसावी फाईल उघडली आणि पूर्णिमा मॅडमना वाटलं, इथं काहीतरी काळंबेरं आहे.

एम. ए. मानसशास्त्राच्या वर्गाला 'ग्रामीण विद्यार्थी आणि परीक्षेची भीती' हा दरवर्षीचाच प्रकल्प दिला होता. आधीच्या बत्तीस फायलींत सगळं कसं शिस्तीत होतं. प्रत्येकानं घोरपडे यांच्या १९८७ सालच्या शाळापाहणीतलं तेच वाक्य दिलं होतं, 'परीक्षेची भीती मुलाला घरातूनच मिळते', आणि पुढं तोच पान क्रमांक, ११२. हे असं व्हायचंच. शाहूपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात मागल्या वर्षीच्या फायलींचे गठ्ठे मिळतात. पोरं मजकूर थोडाफार इकडंतिकडं करतात, पण संदर्भसूचीला कुणी हात लावत नाही. ती घरातल्या दागिन्यासारखी एका बॅचकडून दुसरीकडं जाते. मॅडमना हे ठाऊक होतं आणि त्याचा राग येत नसे, कारण ते वाक्य मुळात त्यांच्याच पीएच.डी.च्या प्रबंधातून खाली उतरलेलं होतं.

प्रसेनजीत कांबळेच्या फाईलमध्ये मात्र पान होतं ६४. आणि म्हणणंही उलटं: घोरपडे सांगतात, भीती घरातून नव्हे, वर्गातून येते.

"एआयकडून लिहून घेतलं असणार," शेजारच्या टेबलावरच्या अक्षता मॅडम म्हणाल्या. "ते बेधडक खोटी पानं ठोकून देतं. पाठव कॉपी तपासणाऱ्या समितीकडं."

समितीकडं पाठवायचं म्हणजे शून्य गुण, आणि शून्य म्हणजे पोराचं वर्ष वाया. तरी पूर्णिमा मॅडमनी तक्रारीचा कागद भरायला घेतला. कुरुंदवाडहून रोज एसटीनं येणारा, मागच्या बाकावर गप्प बसणारा हा पोरगा. याला जवळपास चाळीस वर्षांपूर्वीचा अहवाल कुठून मिळणार? त्याचं आडनाव लिहिताना मनात आणखी काय काय आलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नसतं. सही करण्याआधी एकदा त्याच्याच तोंडून कबूल करून घ्यावं म्हणून त्यांनी त्याला बोलावलं.

"हे पान चौसष्ट कुठून आणलंस?"

"पुस्तकातनं, मॅडम."

"आपल्या ग्रंथालयात ते पुस्तक नाही. खरं सांग."

"तेच की. अख्ख्या शहरात कुठं न्हाय मिळालं. पण ही पाहणी शाहूवाडीकडच्या शाळांत झालेली. म्हटलं, जिथं झाली तिथं एखादी प्रत दिली असंल. मलकापूरला गेलतो. तिसऱ्या शाळेच्या कपाटात गावलं."

मॅडम हसल्या, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "आणि त्यांनी तुला लगेच देऊन टाकलं?"

"माझं ओळखपत्र ठेवून घेतलंय. शनवारी परत द्यायचं हाय."

"बत्तीस जणांनी एकशे बारा लिहिलंय. ते सगळे चुकले आणि तू एकटा बरोबर?"

"त्या बत्तीस जणांना मूळ पुस्तक आणायला सांगितलंयसा का, मॅडम?"

मॅडमचा पारा चढला. "दाखव," त्या म्हणाल्या.

त्यानं सॅकमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पातळ पुस्तक काढलं. मॅडमनी ते जवळजवळ ओढूनच घेतलं. आधी शिक्का तपासला. शाळेचाच होता, जुना, फिकट जांभळा. मग पान चौसष्ट. 'परीक्षेची भीती मुलाला घरातूनच मिळते, असे बहुतेक शिक्षक आम्हाला सांगत होते. आमच्या नोंदी मात्र याच्या नेमक्या उलट आहेत.' पहिलं अर्धं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. पुढचं त्या आयुष्यात पहिल्यांदा वाचत होत्या.

एकशे बारावं पान शोधायला त्यांनी पुस्तक मागून उघडलं. ते शहाण्णव पानांवरच संपत होतं.

प्रबंध लिहिताना हे पुस्तक त्यांनी डोळ्यांनीसुद्धा पाहिलं नव्हतं. मार्गदर्शक सरांच्या लेखातून वाक्य उचललं, पान उचललं, आणि आपणच घोरपडे वाचले असा आव आणला. त्यावर डॉक्टर झाल्या. आणि दरवर्षी पहिल्याच तासाला पोरांना दम देत आल्या, की जे वाचलं नाही त्याचा संदर्भ देऊ नका.

"पुस्तक ठेवून जा," त्यांनी आवाज शक्य तितका साधा ठेवला. "मी निवांत बघते."

"न्हाय, मॅडम." त्यानं पुस्तकावर हात ठेवला. "झेरॉक्स देतो की. पुस्तक न्हाय ठेवणार."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"न्हाय."

त्यांना संतापायचं होतं. पण शहरात दुसरी प्रत नाही, आणि आपल्या टेबलाच्या खणाला कुलूप आहे, या दोन गोष्टी मघाशीच त्यांच्या मनात एकापाठोपाठ येऊन गेल्या होत्या. पोरानं बरोबर ओळखलं होतं. शरमेनं त्यांचे कान तापले.

त्यांनी तक्रारीचा कागद फाडला आणि कोऱ्या कागदावर विभागप्रमुखांच्या नावे चार ओळी लिहिल्या: संदर्भातलं वाक्य अर्धवट आणि उलट्या अर्थानं वापरलं गेलं आहे, ही चूक मुलांपर्यंत माझ्या प्रबंधातून आली, आणि प्रसेनजीत कांबळे यानं मूळ पुस्तक शोधून ती दाखवून दिली. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद त्याच्याकडं सरकवला.

त्यानं तो दोनदा वाचला. "पुस्तक शहाण्णव पानांचं हाय, तेबी लिवा की."

त्यांनी लिहिलं. मग त्यानं मोबाईलवर कागदाचा फोटो काढला, तो नीट आलाय का बघितला, आणि मगच पुस्तकावरचा हात उचलला.