दाखल्यावर सरपंचांची सही नको

“सरपंचाच्या घरी कागद घेऊन जाऊ नको, पोरी. पंचायतीत जा, चार माणसांत सही घे,” शेजारच्या गोजरमावशी म्हणाल्या होत्या. तारा नुसती हसली. ती बी.कॉम. झालेली, गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेणारी. नवरा सोडून गेल्याला चार वर्षं झाली, पण पोरीला घेऊन ताठ उभी राहिलेली. मावशींचा जमाना वेगळा, एवढं मनाशी म्हणून ती गेली.

सरपंच जगन्नाथराव माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. बायको वारून तीन वर्षं झालेली. व्यसन नाही, वावगा शब्द नाही. ताराला दर मे महिन्यात एक दाखला लागायचा: सदर महिला परित्यक्ता असून तिने पुनर्विवाह केलेला नाही. त्यावर सरपंचाची सही झाली की निराधार योजनेचा महिन्याचा पगार चालू राहायचा आणि त्याच पैशांवर पाच वर्षांच्या लेकीला, गंधालीला, न्यायला शाळेची गाडी यायची. पहिल्या वर्षी सहीसोबत चहा आला. दुसऱ्या वर्षी दुपारचे फोन. तिसऱ्या वर्षी शहागडच्या पुलाजवळ गाडी थांबवून तो म्हणाला, “वर्षभरात लग्न करू. तोवर गावाला कशाला सांगायचं?”

ताराला तो आवडला होता. खोटं कशाला बोला.

यंदा गंधालीला वसतिगृहात ठेवू म्हणाला, आणि तारा पहिल्यांदा त्याला ‘न्हाई’ म्हणाली. त्यानंतर तिचा दाखला आठ दिवस त्याच्या टेबलावर पडून राहिला. तिनं विचारलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला.

“विसरलो गं. रस्त्याच्या कामाचे गुत्तेदार येऊन बसून राह्यले दिवसभर. थांब, जल्दी करून टाकतो.”

विसरलाही असेल. पण खरंच विसरला की मुद्दाम, हे ताराला कधीच कळणार नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, इतके दिवस त्याच्या बोलण्यावर आपण हसलो ते हसू आलं म्हणून, की कागद टेबलावर होता म्हणून, हेही तिला सांगता येईना. तिनं कागद तसाच बिनसहीचा उचलला. सोमवारपर्यंत तो तहसीलला पोचला नाही, तर पगार बंद.

शुक्रवारी ग्रामसभा होती. गंधालीला कडेवर घेऊन तारा उभी राहिली.

“माझ्या दाखल्यावर सरपंचांची सही नको. उपसरपंच नंदाबाईंची द्या.”

“का बरं? सरपंचाची शाई संपली का?” मागून रामकिसनतात्यांनी विचारलं. मंडपात हशा पिकला.

“शाई हाय, तात्या. पण मी एकटी हाय असं ज्यानं लिहून द्यायचं, तोच मला लग्नाचं विचारून राह्यलाय. मंग त्याची साक्ष बराबर कशी?”

हशा जागीच विरला. जगन्नाथराव खाली बघत म्हणाला, “तारा, घरचं घरी बोलू.”

“घर असतं तर दाखला लागला असता का, सरपंच?”

“दोघंही मोकळे आहात,” तात्यांचा सूर आता चढला. “तू काय लहान होतीस? आपल्या पायानं गेल्तीस ना?”

“गेल्ते. बिलकुल आपल्या पायानं. पण पोरीचा घास ज्याच्या पेनात, त्याला न्हाई म्हणायला मी मोकळी होते का, हे मला आजपण सांगता येत न्हाई. त्यालापण येत नसंल. ज्याला नातं जोडायचंय, त्यानं आधी सही दुसऱ्याच्या हाती द्यावी. हे रजिस्टरात लिहा.”

सरपंच हजर असताना उपसरपंचाला अधिकार नाही, असं ग्रामसेवक पुटपुटला. “मंग ठराव घ्या,” तारा म्हणाली. तिनं गंधालीला दुसऱ्या कडेवर घेतलं. नंदाबाई म्हणाल्या, “लिहा. सूचक मी.” अनुमोदक म्हणून गोजरमावशींनी अंगठा दिला.

सोमवारी नंदाबाईंच्या सहीचा दाखला ठरावासकट तहसीलला पोचला. कारकुनानं तो दोनदा वाचला आणि “बघू” म्हणाला. पगार अजून आलेला नाही. शिकवणीची सहा पोरं आयांनी काढून घेतली. गंधालीला शाळेत कोण काय विचारेल, या धास्तीनं तारा रोज गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी असते. पण माफी माग म्हणणाऱ्यांना ती दारातूनच परत पाठवते.

आता तिच्या डोक्यात साक्षी आहे. बावीस वर्षांची, याच गावची, घरी आजारी आई. नळाच्या जोडणीसाठी तिचा अर्ज सरपंचाकडं आहे, आणि परवा ती त्याच्या गाडीतून उतरताना ताराला दिसली. तारा बोलायला गेली, तर साक्षीनं दार लावून घेतलं.

म्हणून तारा भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते: “शहागडच्या स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात साक्षी दिवसभर बसते. तिकडून गेलात तर एखादं पान झेरॉक्स करा. माझं नाव घेऊ नका. नळ आला का, एवढंच विचारा, आणि उत्तर द्यायला ती किती वेळ लावते ते बघा. वेळ लावला, तर समजा, तिचा कागद अजून त्याच्याच टेबलावर हाय.”