बुटांपाशी परत आणणारी वाट

मी वाट बोलतेय. रस्त्यावरची नाही, गुंडाळून कपाटात ठेवतात ती. जाड कॅनव्हासवर निळ्या रेषांनी रंगवलेली, हॉलभर पसरणारी, गोल गोल वळत मध्यावर नेणारी. लोक मला भूलभुलैया म्हणतात तेव्हा मला राग येतो. भूलभुलैयात फसवे रस्ते असतात. माझ्यात रस्ता एकच. बूट काढायचे, प्रार्थना करत सावकाश चालायचं, मनावरचं ओझं एकेक करून प्रभूकडे द्यायचं, मध्यावर गप्प उभं राहायचं आणि आल्या वाटेनं परत यायचं. चालताना बोलायचं नाही आणि रेष ओलांडायची नाही. बाकी डोकं लागत नाही, असं चर्चच्या पाळकसाहेबांनी मंडळीला सांगून ठेवलं होतं.

मला एका पेंटरनं पट्ट्यापट्ट्यांवर रंगवलं आणि मंडळीतल्या शिलाईवाल्या मावशींनी त्या पट्ट्या जोडल्या. मावशींची शिवण म्हणजे डोळे झाकून भरवसा. पण त्या दिवसांत मावशी शिवताना सारखा एक डोळा झाकायच्या, मशीन थांबवून कपाळ दाबायच्या, पुन्हा पायडल मारायच्या. मधली एक पट्टी उलटी लागली. रेषेला रेष जुळली, म्हणून कुणाला कळलं नाही. मला कळलं. पण मला तोंड आहे ते फक्त आत शिरायला.

झालं असं, की माझ्यावरून चालणारा माणूस भरपूर फिरतो, मध्याला अगदी घासून जातो आणि थेट स्वतःच्या बुटांपाशी बाहेर पडतो.

पहिल्यांदा पाळकसाहेब चालले. बुटांपाशी आले, दचकले, पुन्हा आत गेले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी झगा किंचित उचलला आणि मध्यावर उडी मारली. बाहेर येऊन म्हणाले, फार शांत वाटलं. त्यानंतर सगळ्यांना शांत वाटायला लागलं. मंडळी भली माणसं. मिक्सर बिघडला तर दुकानदाराला धरतात, प्रार्थना बिघडली तर स्वतःला. जो तो समजायचा, आपलंच मन भरकटलं. जो तो गुपचूप उडी मारायचा. माझ्या मध्यावर इतके लोक पडलेत, की तिथला रंग उडालाय.

मग ती दुपार आली.

मावशींच्या डोक्यात गाठ निघाली होती. समोरच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन चालू होतं. त्यांचे यजमान बस चालवतात, म्हणून सगळे त्यांना ड्रायव्हर म्हणतात. थिएटरबाहेर त्यांनी एवढ्या येरझाऱ्या घातल्या, की मेव्हणीला गरगरायला लागलं. ती म्हणाली, भावजी, फिरायचंच असेल तर हॉलमध्ये जाऊन देवापुढे फिरा, काही झालं की फोन करते.

ड्रायव्हर आले. त्यांनी बूट काढले, बटणांचा जुना फोन उजव्या बुटात ठेवला आणि माझ्या तोंडाशी उभे राहून अगदी हळू म्हणाले, "प्रभू, मी मध्यावर पोचलो की ती वाचली असं समजतो. तोवर फोनला हात लावत नाही."

माझा धागान् धागा ताठ झाला.

ते चालले. बुटांपाशी बाहेर आले. थांबले. पुन्हा आत. पुन्हा बूट. आयुष्यभर एकाच रूटवर बस नेलेला माणूस, कधी एक स्टॉप चुकला नाही, आणि माझ्यावर चुकत होता. पावलं जड झाली. घाम माझ्यावर टपकायला लागला. ओठ हलत होते: घे ना आत, एकदा घे.

मी घेतलं असतं हो. पट्टी उलटी होती.

तेवढ्यात बुटात फोन थरथरला. ड्रायव्हर नेमके पलीकडच्या वळणावर होते. मान वर केली, डोळे मिटले, चालत राहिले. फोन थांबला. पुन्हा वाजला.

पाळकसाहेब दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. बोलायचं नाही हा नियम त्यांचाच. शेवटी त्यांनी तो मोडला.

"ड्रायव्हर, मध्यावर जाता येत नाही. मी उडी मारली होती."

ड्रायव्हर चालता चालताच म्हणाले, "साहेब, तुमची नोकरी आहे. मी बायकोच्या जिवावर उडी मारणार नाही."

 माझ्यापाशी एक सुरकुती होती. गुंडाळून ठेवल्यानं तोंडाशी एक घडी पडलीय. जन्मात पहिल्यांदा मी ती मुद्दाम उभी केली.

ड्रायव्हर बाहेर येताना अडखळले आणि थेट बुटांवर आडवे झाले. कोपर बुटातल्या थरथरत्या फोनवर पडलं, कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि बुटातून मेव्हणीचा आवाज आला.

"भावजी, कुठे आहात? ताई शुद्धीवर आलीय. डॉक्टर नको म्हणतायत, पण ती ऐकत नाही. घ्या, बोला."

ड्रायव्हरनी बूट दोन्ही हातांनी कानाला लावला. फोन काढायचं सुचलंच नाही. पाळकसाहेब गुडघ्यांवर बसले.

बुटातून बारीक आवाज आला. "अहो, त्या कापडाची मधली पट्टी उलटी लागलीय. तेव्हा मला एका रेषेच्या दोन दिसायच्या. आता एकाचं एकच दिसतंय."

ड्रायव्हरनी बूट कानाला आणखी घट्ट दाबला. मग म्हणाले, "अगं, मला कळलं ते." आणि एक बूट हातात घेऊन, एक पायात घालून रस्ता ओलांडून धावत गेले.

पुढे डोक्याला रुमाल बांधून मावशी आल्या, माझ्यावर मांडी घालून बसल्या आणि ती पट्टी उसवून सरळ जोडली. आता मी सगळ्यांना मध्यावर नेते. तिथे पोचल्यावर काय करायचं हे कुणाला सुचत नाही, काही जण घड्याळ बघतात.

ड्रायव्हर आता माझ्यावरून चालत नाहीत. मला अंथरलं, की ते दारात बुटांच्या राखणीला बसतात. कुणाचा फोन थरथरला, की उठतात आणि माझ्या सगळ्या रेषा ओलांडत, सरळ त्या माणसापर्यंत जाऊन त्याच्या हातात फोन देतात.

तुम्हीही या कधीतरी. आणि मध्यावर पोचला नाहीत, तर लगेच स्वतःला बोल लावू नका. आधी माझी शिवण बघा.