तिनं सांगतलं असन

"पोट्टी सांगते म्हणजे कशी सांगते वो? तोंडानं?"

पुष्पाबाईनं विचारलं. मी म्हणलं, "नाई, अर्ज करते."

तिले हसू आलं नाई. माही जीभच तशी आहे. माय म्हणे, ह्या पोरीच्या तोंडाले लगाम नाई, सासरी काय दिवे लावन कोणास ठाऊक. माय गेली त्याले आता दोन वर्षं झाली. सासर तिकडे संग्रामपूरकडे, सासूबाई तिथं जेठाजवळ, मोठ्या लेकाकडे. अन् मी मलकापुरात, रेल्वे लाइनीच्या पलीकडच्या नव्या ले-आउटमध्ये, एका खोलीत अन् एका स्वयंपाकघरात. शर्वीच्या पप्पायचं म्हणणं, लेकरू शहरात वाढलं पाहिजे. लेकराले शहरात ठेवलं अन् स्वतः गेले गुजरातेत, रस्त्याच्या कामावर रोलर चालवाले. दिवाळीले आले, भाऊबीज झाल्यावर गेले.

त्याच दिवसात पुष्पाबाई पहिल्यांदा माह्या दारात आली. समोरचंच घर, पण तोवर आमचं बोलणं म्हणजे "नळ आला का?" अन् "आला." त्या दिवशीही नळाचंच विचाराले आली होती. मी ओट्याच्या खाली, मोरीजवळ, पाटावर बसून पाय लांब केले होते अन् दोन पावलांच्या मधात शर्वीले बसवलं होतं. शर्वी साडेपाच महिन्याची. तिनं पुष्पाबाईकडे पाह्यलं, भुवया जमा केल्या अन् आपलं काम करून मोकळी झाली.

"अगं माय वं!" पुष्पाबाई नळ विसरून गेली. "एवढंसं लेकरू! अन् डायपर?"

डायपरचा पुडा होता, कपाटावर. पण बाळंतपणात झुंबरबाई तेल लावाले येत होती ना, तिनं सवा महिना रोज आंघोळीच्या आधी शर्वीले अशीच पायावर बसवली. "शूऽऽ, शूऽऽ" करे, अन् पोरगी करे. जुन्या बाया सगळ्याच अशा बसवत, यात जादू ते काय? सवा महिना सरला, झुंबरबाई दुसऱ्या बाळंतिणीकडे गेली, मी बसवणं सोडलं नाई. हळूहळू मले शर्वीचं तोंड समजाले लागलं. शू आली का पाय मारणं एकदम बंद, अन् वरच्या ओठाची उलिशीक चोच. शी आली का भुवया जमा अन् नजर लांब कुठं तरी, कचेरीतल्या साहेबासारखी. तेवढ्यात उचललं का झालं.

पुष्पाबाईनं हे सगळं ऐकून घेतलं अन् संध्याकाळपर्यंत ले-आउटभर करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी राखी आली. तिचा पोरगा दोन वर्षाचा, अजून डायपरमध्ये. मंग कोपऱ्यावरच्या काकू आल्या. मंग त्यायची सून. हिवाळ्याचं ऊन माह्या दारापुढच्या ओट्यावर सकाळी चांगलं पडते, तं बसाले जागाही झाली. अन् प्रश्न तं बाप्पा! कोणती घुटी देतं? कोण्या डॉक्टरचं औषध आहे? रात्री कसं करतं? पोट्टीले जबरदस्तीनं तं बसवत नाई ना?

राखीनं मोबाइल काढला. "हे पाहा, इथं लिहिलं आहे, इतक्या लवकर बसवलं का लेकराच्या मनावर परिणाम होते."

"तिच्या मनावर होत नाई," मी म्हणलं, "पण तुम्ही सगळ्या जणी तिच्या बुडाकडे टक लावून पाहून राह्यल्या, त्याचा होईन."

काकू म्हणल्या, "चांगलं लेकरू आहे, लोकायले दाखवत नको जाऊ. मीठ-मोहऱ्या ओवाळजो." असं म्हणल्या अन् तिथंच बसून राह्यल्या, पाहाले.

मी फोनवर ह्यायले सांगतलं. तिकडून हुकूम आला, "लोकायले घरात घेऊ नको, दार लावून घेत जा." मी म्हणलं, उंटावरून शेळ्या हाकू नका. दार तं लावलेलंच असते दिवसभर. लावलेल्या दाराच्या आत मी काय करते, हे विचारा एखाद्या वेळेस. तं नेटवर्क गेलं. त्यायचं नेटवर्क बरोबर अशाच वेळेस जाते.

वरवर मी चिडत होती. पण सकाळी उठून ओटा झाडाले लागली, हे कोणाले दिसलं नाई. चहाचे दोन कप होते, अजून चार आणले. दुकानातून खारी आणून डब्यात ठेवली. नऊ वाजले का कान दाराकडे. कोणाची चप्पल वाजली का मी चहाचं आधण ठेवे. लाज कायची सांगाले, मले त्या बाया पाहिजे होत्या. कायचंही विचारा, पण या. चार-पाच महिने मी भाजीवाल्याशी अन् भिंतीशी बोलली होती, अन् भाजीवाला घाईतला माणूस.

पण त्यायचं येणं म्हणजे खेळ पाहाले येणं. शर्वीनं चोच केली, मी पायावर घेतलं, धार पडली, का राखी टाळ्या वाजवे, काकू "शाब्बास गं माय" म्हणत, अन् सगळ्या उठत. गरज सरो अन् वैद्य मरो. चहा अर्धा झालेला असे. "बसा ना," मी म्हणे. "नाई वो, कुकर लावला आहे." सगळ्यायचे कुकर एकदमच लागत. मग मी काय करू? एखाद्या दिवशी शर्वीनं लवकर खूण केली, तं मी बायायले सांगेच नाई. तिले आत नेऊन, गुपचूप बसवून आणे, अन् बाहेर येऊन म्हणे, "आज अजून नाई बाई काही, बसा जराक." तेवढाच अर्धा तास जास्तीचा.

त्या अर्ध्या तासातही बोलणं शर्वीचंच. मले कोणी विचारलं नाई, तू जेवते कधी, तुले ताप आला तं कोण पाहाते. मी दोनदा विषय काढून पाह्यला. एकदा मायचा, एकदा ह्यायचा. काकू म्हणल्या, "हाव, असंच असते," अन् शर्वीच्या भुवयायकडे पाहाले लागल्या.

संक्रांत आली. हे आले नाई. काम ऐन भरात आहे म्हणे. पुष्पाबाईनं हळदीकुंकवाचं बोलावणं दिलं अन् वरून म्हणली, "शर्वीले आणजो बरं का. नांदुऱ्याहून माही बहीण येऊन राह्यली, तिले सांगतलं मी. तिचा विश्वासच नाई बसत."

समजलं मले, बोलावणं कोणाले आहे ते. तरी मी काळी साडी काढली. लग्नातली, जरीच्या काठाची, एकदाच नेसलेली. शर्वीले काळं झबलं घातलं. आरशात पाह्यलं तं मी चांगली दिसून राह्यली होती. असं वाटलं का मायले फोन लावावा. मंग आठवलं.

पुष्पाबाईच्या घरात सतरंज्या अंथरल्या होत्या, अन् पाहुण्यायसाठी दिवाणावर नवीन चादर, पांढरी, मोरांची. मले बहिणीजवळ त्या दिवाणावर बसवलं. बहीण मोठी बोलकी बाई, जाड, हसरी. तिनं शर्वीची हनुवटी धरली, "हीच का ती?" म्हणली, अन् मंग माह्याकडे वळली.

"माहेर कुठलं तुमचं?"

मी गावाचं नाव सांगतलं.

"अवो, मग तुम्ही आमच्याच इकडच्या! तिथं माही नणंद दिली आहे. तो मारुतीच्या पाराजवळचा हातपंप अजून आहे का वो? त्याचं पाणी किती गोड!"

काय सांगू, माह्या आंगात वारं भरलं. हातपंपाचं पाणी! मी बोलाले लागली. हातपंप, पार, शाळेच्या मागचं चिंचेचं झाड, माय चिंचा फोडाले बसली का आमचं कसं तोंड खट्टं होये, मायच्या हातचे आंबट वांगे. बहीण विचारे, मी सांगे. ती हसली का मी अजून सांगे. राखीही हसली. पुष्पाबाई वाण वाटता वाटता थांबली अन् म्हणली, "माय वं, इले बोलता येते!" मीही हसली. इतकी हसली का डोळ्यात पाणी आलं. मांडी बदलली, शर्वीले खाली चादरीवर ठेवलं अन् दोन्ही हातानं सांगाले लागली, मायनं एकदा रानडुकराले कसं मुसळ घेऊन पळवलं होतं ते.

वास आधी काकूयले आला.

"अगं, पोरीनं केली वाटते."

केली होती. सगळी. मोरांवर पसरली होती, अन् शर्वी त्यात हात मारून राह्यली होती.

काकूनं पदर नाकाले लावला. मंग राखी फिस्सकन हसली अन् तिच्यामागं सगळ्या. "घ्या! म्हणे सांगते!" "चारचौघात फजिती केली वो पोट्टीनं!" "आता राखीच्या पोरासारखीच झाली!" राखीले तं इतका आनंद झाला का तिनं आपल्या पोराचा मुकाच घेतला. बहीण म्हणली, "असू द्या, लेकरू आहे." पण तिचाही विश्वास गेला, दिसलंच ना तोंडावर.

मी चादर गोळा करत होती. "तिनं सांगतलं असन," मी म्हणलं.

"मग घरी बरोबर समजते, अन् इथं कसं समजलं नाई?" राखी.

"मी पाह्यलं नाई. मी ह्या ताईशी बोलून राह्यली होती."

"अन् घरी?"

"घरी कोण आहे, राखी?" माहा आवाज चढला. "तुम्ही सगळ्या विचारता ना, कोणती घुटी, कोणतं औषध? सकाळपासून रात्रीपर्यंत त्या घरात एकच तोंड आहे पाहाले. तेच पाहाते मी. दिवसभर. दुसरं काही नाई त्यात."

राखीनं आपल्या पोराले मांडीवर ओढलं. तिळगुळाची वाटी घेऊन पुष्पाबाई तशीच उभी. मले वाटलं, आता बोलन कोणी तरी. मंग काकूनं आपल्या सुनेले विचारलं, गॅस बंद केला होता ना येताना, अन् बोलणं तिकडे गेलं.

मी मोरीवर जाऊन शर्वीले धुतलं, चादर धुतली, पिळून बाहेरच्या दोरीवर टाकली. आतून हसणं ऐकू येत होतं, गॅसचं नाई, दुसऱ्याच कायचं तरी. घर समोरच होतं. दहा पावलं. जाऊन दार लावलं असतं तं कोणी अडवलं नसतं.

मी परत आत गेली.

"बसा," बहीण सरकली. यावेळेस सतरंजीवर. "मग? त्या डुकराचं काय झालं?"

तिनं खरंच विचारलं, का माही कीव केली, मले माहीत नाई. मी बसली. शर्वीले मांडीवर घेतलं अन् डुक्कर जिथं सोडलं होतं तिथून धरलं. माय मुसळ घेऊन पुढं, आम्ही भाऊ-बहीण मागं, अन् डुक्कर कापसाच्या वावरात घुसलेलं. बहीण पुढं झुकून ऐकत होती. पुष्पाबाईही खाली बसली, गुडघ्याशी गुडघा लावून. राखी म्हणली, "मग?"

तेवढ्यात माह्या मांडीवरचे पाय थांबले.

मी खाली पाह्यलं. शर्वी माह्याचकडे पाहून राह्यली होती, टकमक, वरच्या ओठाची चोच करून. किती विश्वासानं पाहात होती माही लेक. उठाले पाहिजे होतं. मोरी तिथंच होती. पण मी उठली असती तं गोष्ट तुटली असती, अन् मी परत येईतोवर कोणाचा तरी कुकर लागला असता.

मी तोंड वर केलं, बहिणीकडे.

"मग काय," मी म्हणलं, "मायनं मुसळ उगारलं."

लग्नातली साडी मांडीवर गरम होत गेली, मंग थंड. सगळ्या हसत होत्या. मीही हसली, अन् खाली पाह्यलं नाई.